पॅकिंग, शेंदूर आणि मारुती

"साहेब, पॅकिंग गेलंय. नवीन मागवू की सिलिकॉन मारून देऊ?"

गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि नेमका आपण घाईत असताना येतो. समजा, तुम्ही दिवाळीला पुण्याहून नांदेडकडे निघाला आहात. अहिल्यानगर (म्हणजे जुनं अहमदनगर), माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी असा राष्ट्रीय महामार्ग ६१ धरलाय. जुन्या लोकांच्या तोंडी हा अजून २२२ नंबरचा रस्ता आहे. मानवतला चहाला थांबता आणि इंजिनाखाली तेलाचे थेंब दिसतात. मिस्त्री खाली वाकून बघतो आणि वरचा प्रश्न विचारतो. गॅस्केट परभणीहून उद्या येणार, सिलिकॉनची ट्यूब मात्र त्याच्या खिशातच. दिवसभर सर्व्हरवर पॅच मारणारी आपली जमात यावर काय म्हणते? "तुम्हाला योग्य वाटेल ते करा!"

आता गंमत अशी, की या प्रश्नाचं उत्तर कधी "सिलिकॉनच योग्य", कधी "गॅस्केटच योग्य" आणि कधी "दोन्ही थोडं थोडं" असं असतं. चुकलं तर कधी नुसता डाग पडतो, कधी अख्खं इंजिन जातं. कुठे काय, हे पाठ करून लक्षात राहत नाही. पण ही दोन्ही साधनं कुठून आणि का आली ते कळलं, की पाठ करायची गरजच उरत नाही. म्हणून आजचा लेख थोडा इतिहासाचा.

मुळात फट असते कशाला?

घासून-पुसून आरशासारखा केलेला धातूचा पृष्ठभाग आपल्याला सपाट दिसतो. बारकाईने पाहिलं तर तो सह्याद्री असतो. असे दोन सह्याद्री एकमेकांवर ठेवले तर शिखरं तेवढी टेकतात, दऱ्या मोकळ्या राहतात. त्या दऱ्यांतून तेल, पाणी, वायू वाट काढतात.

हे थांबवायचे दोन मार्ग. एक म्हणजे मध्ये मऊ वस्तूचा पत्रा ठेवायचा आणि बोल्ट आवळून तो दाबायचा. हे गॅस्केट, गॅरेजच्या भाषेत पॅकिंग. दुसरा म्हणजे दऱ्या लेपाने भरून टाकायच्या आणि धातूला धातू टेकू द्यायचा. हे सीलंट.

फरक वरवर किरकोळ वाटतो, पण सगळा लेख त्याच्यावरच उभा आहे. गॅस्केटला जाडी असते आणि ती जाडी इंजिनाच्या मोजमापात धरलेली असते. सीलंटला, नीट लावलं तर, जवळजवळ जाडी नसते. म्हणजे गॅस्केट दोन भागांमधलं अंतर ठरवतं आणि सीलंट फक्त उरलेले खाचखळगे बुजवतं. कामं दोन आहेत. एकाचं काम दुसऱ्याला दिलं की घोटाळा झालाच समजा.

दोर, चरबी आणि एक शिलिंग

इंग्रजीत गॅस्केट हा शब्द आधी जहाजावर होता. गुंडाळलेलं शीड बांधून ठेवायच्या दोरीच्या तुकड्याला खलाशी गॅस्केट म्हणत. वाफेची इंजिनं आली तेव्हा फटीत ठासायला हाताशी असलेली वस्तू म्हणजे तागासारख्या धाग्यांचा दोरच. जेम्स वॉटच्या काळात पिस्टनच्या भोवती चरबीत भिजवलेला दोर ठासून भरत. ठासून भरायचं म्हणून ते पॅकिंग. मिस्त्री आज जो शब्द वापरतो तो अडीचशे वर्षं जुना आहे.

पण वॉटची खरी अडचण दोराची नव्हतीच. त्याला गोल सिलिंडर मिळत नव्हता. कितीही दोर ठासला तरी वाकड्यातिकड्या सिलिंडरमधून वाफ निसटायची. ही अडचण जॉन विल्किन्सनच्या बोअरिंग यंत्राने सोडवली. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टनने १७७६ मध्ये कौतुकाने लिहून ठेवलंय, की विल्किन्सनच्या ५० इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक कुठे सापडत नाही. आज आपण मिलिमीटरच्या हजाराव्या भागात बोलतो, त्यामुळे याचं हसू येईल. पण वाफेचं इंजिन त्या एका शिलिंगमुळे चाललं.

इथून पुढच्या इतिहासाचा नियम एवढाच : धातूकाम जितकं अचूक होत गेलं, तितकी मधली गादी पातळ होत गेली.

मानवतचा कापूस आणि शेंदूर

आता पुन्हा मराठवाड्यात येऊ. मानवत ही कापसाची पेठ. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद ही गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज रेल्वे झाली आणि मानवत रोड हे स्टेशन नकाशावर आलं (गाव स्टेशनपासून काही किलोमीटर लांबच राहिलं). रेल्वे आली की कापसाच्या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंग येणार हे ठरलेलं. सरकी वेगळी करायची, गाठी दाबायच्या आणि मुंबईला धाडायच्या. त्या काळी हे कारखाने वाफेवर चालत. बॉयलर, पाइप, फ्लॅंज, झडपा... म्हणजे जोडच जोड. आणि जोड म्हटलं की गळती.

त्या जमान्यातल्या फिटर लोकांचं जगभरातलं आवडतं सीलंट काय होतं माहितीये? शेंदूर! हो, मारुतीला लावतात तोच. शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड. तो जवसाच्या उकळलेल्या तेलात कालवायचा, त्यात धागा भिजवायचा आणि फ्लॅंजमध्ये ठेवून बोल्ट आवळायचे. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, शिसं त्या प्रक्रियेला मदत करतं आणि दगडासारखा थर तयार होतो. नळकाम करणारे आट्यांवर सूत गुंडाळून वर सफेदा चोपडायचे, ते याचंच धाकटं भावंडं. जवस आपल्या शेतात पिकायचा आणि शेंदूर पूजेच्या दुकानात मिळायचा. कुठल्याही परदेशी कंपनीला पत्र पाठवायची गरज नव्हती.

हे चालायचं, कारण वाफेचे ते जोड सोशिक होते. दाब सात-आठ वातावरणांचा, तापमान पावणेदोनशे अंशांच्या आसपास, फ्लॅंज जाडजूड आणि ओतीव लोखंडाच्या. लेप वाळायला दोन दिवस लागले तरी हंगाम सुरू व्हायच्या आधी वेळ असायचा. जोडातलं अंतर मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. "फट दिसली की चोपड" ही सवय या जगात शंभर टक्के बरोबर होती.

मग मोटार आली.

डोकं काढता येणारं इंजिन

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींत सिलिंडर आणि त्याचं डोकं म्हणजे हेड एकाच ओतकामात असायचं. तिथे हेड गॅस्केट नव्हतंच. पण व्हॉल्व्ह घासायचे किंवा साचलेला कार्बन काढायचा तर अख्खं इंजिन उस्कटावं लागे. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीने सुटं हेड सर्वसामान्य केलं. बोल्ट काढा, हेड उचला, काम करा, परत ठेवा. गावोगावी मिस्त्री ही जमात उभी राहिली त्यात या सुट्या हेडचा मोठा वाटा आहे. पण त्याची किंमत म्हणून इंजिनातला सगळ्यात अवघड जोड जन्माला आला.

अवघड का, तर हेड गॅस्केटला एकाच वेळी तीन गोष्टी अडवायच्या असतात. पहिली, जळता वायू. ज्वालेचं तापमान २००० अंशांच्या घरात आणि दाब पेट्रोल इंजिनात साधारण ४०-६० बार, डिझेलमध्ये १०० च्या वर. दुसरी, शेजारून वाहणारं पाणी. तिसरी, तेल. वर हे सगळं मिनिटाला हजारो वेळा धक्के देणारं. शेंदूर-जवस इथे किती टिकणार?

उत्तर आलं अ‍ॅस्बेस्टॉसच्या रूपात. ऑस्ट्रियात रिचर्ड क्लिंगरने १८९३ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू आणि रबर दाबून पत्रे बनवायची पद्धत काढली. मोटारींसाठी तांब्याच्या पातळ पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस भरलेलं 'सॅंडविच' आलं. तांबं मऊ म्हणून खाचखळग्यांत बसतं, अ‍ॅस्बेस्टॉस आग सोसतं.

१९२६ मध्ये फोर्डने आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. तिकडे निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. म्हणजे मुंबईच्या आणि हैदराबादच्या, दोन्ही बाजूंनी मोटारी वाढत होत्या, आणि मध्ये मराठवाडा. जिनिंगमध्ये वाफेवर हात बसलेल्या कारागिरांना आता वेगळ्याच जातीचं यंत्र भेटणार होतं.

आता जाडीचा हिशेब करून बघू. प्रीमियर पद्मिनी घ्या. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मि.मी. सिलिंडरच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ३६ चौ. सें.मी. हेड गॅस्केट अर्ध्या मिलिमीटरने जाड झालं तर प्रत्येक सिलिंडरमध्ये १.८ घन सें.मी. जागा वाढली. ज्वलनकक्षच मुळात चाळीसेक घन सें.मी.चा. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने चार-पाच टक्क्यांचा फरक! कॉम्प्रेशन उतरलं, गाडी मरगळली. उलट गॅस्केट पातळ झालं की कॉम्प्रेशन वाढलं आणि इंजिन ठोकायला लागलं.

शिवाय या गाडीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचा. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या दुप्पट वाढतं. चाळीस सें.मी. लांबीत ८० अंशांची वाढ धरली तर दोघांच्या लांबीत एक तृतीयांश मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे दर वेळी गाडी तापली-निवली की हेड ब्लॉकवर सरकतं. मधल्या वस्तूला हे घासणं वर्षानुवर्षं सोसायचं असतं. चिकटून बसलेला लेप असं सरकू शकत नाही, तो फाटतो. त्यामुळे हेडला सिलिकॉन "मारून द्यायचा" विषयच संपतो.

१९५३ नंतरचा हातोडा

स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं, की ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचंय त्यांनीच राहावं. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. त्यांच्या जुन्या गाड्या आणि ट्रक मात्र रस्त्यावरच राहिले. पार्ट कुठून आणायचे? कंपनी सात समुद्रापार आणि आयातीला परवाना.

इथे आपल्या मिस्त्री मंडळींनी जे केलं त्याला 'जुगाड' म्हणून हसण्यावारी नेऊ नये. त्यांनी पॅकिंग हाताने कापायला घेतलं. पत्रा थेट कास्टिंगवर ठेवायचा, गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टकटक करत जायचं. कास्टिंगची धारच पत्रा कापते. भोकांना पंच. पाच-दहा मिनिटांत हुबेहूब पॅकिंग तयार. तेलाला ऑइल पेपर, पत्र्याच्या चेंबरला कॉर्क, गरम जागेला राखाडी अ‍ॅस्बेस्टॉस शीट. चांगला मिस्त्री जुनं पॅकिंग फेकायचा नाही. त्याची जाडी चिमटीत धरून बघायचा आणि तेवढ्याच जाडीचा कागद निवडायचा. कॉर्क आमच्या मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात वाळून आखडायचं आणि भोकं जुळेनाशी व्हायची. मग ते बसवण्याआधी पाण्यात भिजवायचं. तांब्याचा वॉशर कडक झाला तर लालभडक तापवून पाण्यात बुडवायचा, परत मऊ. (लोखंड असं केल्यावर कडक होतं, तांबं मऊ होतं. हे ज्याने प्रथम करून बघितलं त्याला सलाम.)

शेतातल्या इंजिनांनी हा धडा आणखी पक्का केला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा खडकीचा कारखाना १९४६ चा. विहिरीवरच्या त्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर पिस्टन आणि हेड यांच्यात मिलिमीटरच्या आसपासच जागा उरते. ती मोजायला मिस्त्री पिस्टनवर शिशाची तार ठेवून चाक हाताने फिरवतो. तार चेपते, मग तिची जाडी मोजायची. जागा कमी भरली तर सिलिंडरखाली पातळ शिम वाढवायची, जास्त भरली तर काढायची. इथे पॅकिंग म्हणजे पट्टीवरची खूणच. हे काम करणाऱ्याला "पॅकिंग हे माप आहे" असं वेगळं सांगावं लागत नाही.

१९५६ मध्ये टॅलब्रॉसने ब्रिटनच्या पेयनबरोबर भारतात गॅस्केट बनवायला सुरुवात केली, आणि हळूहळू तयार सेट मिळू लागले. तरी हातोडी पुढे बरीच वर्षं चालू राहिली.

त्या काळचं सीलंट म्हणजे शेलॅक. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचा किडा राळ सोडतो, ती शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवली की शेलॅक. कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी पातळ हात मारायचा, थोडं चिकट झालं की बसवायचं. लाखेवर आपल्याकडे रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून खास संशोधन संस्था आहे. अमेरिकेत हेच 'इंडियन हेड' नावाच्या बाटलीत मिळतं. नावातला इंडियन म्हणजे तिथला आदिवासी, पण बाटलीतल्या लाखेचं माहेर मात्र आपल्याकडचं :-)

लक्षात घ्या, शेलॅक हे पॅकिंगच्या जागी नव्हतं, पॅकिंगच्या जोडीला होतं. माप पॅकिंगचं, बारीक खाचा शेलॅकच्या.

राखाडी धूळ

इथे जरा गंभीर व्हावं लागेल. हातोडीखाली कापलेला तो राखाडी पत्रा, आणि हेडवर चिकटलेलं जुनं पॅकिंग पॉलिश पेपरने घासून काढताना उडणारी धूळ, यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असायचे. ते फुप्फुसात गेले की बाहेर पडत नाहीत. आजार दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक आहेत, याबद्दल आज शास्त्रज्ञांत वाद नाही. १९८६ पासून आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं थांबलं. जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्या कामगारांच्या आरोग्य तपासणीचे आणि भरपाईचे आदेश दिले. पण ते कारखान्यातल्या कामगारांसाठी. रस्त्याकडेच्या गॅरेजात हाताखाली काम करणाऱ्या पोराची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये असणार?

म्हणून जुनी अँबॅसडर, जीप किंवा पद्मिनी हौसेने दुरुस्त करणाऱ्यांना एवढंच सांगणं : जुनं राखाडी पॅकिंग कोरडं घासू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ओलं करा, बोथट पट्टीने हलकेच सोडवा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. आणि हे काम दुसरा करत असेल तर त्यालाही सांगा. आपण पाच मिनिटं उभे असतो, तो आयुष्यभर तिथे असतो.

ट्यूबचा जमाना

सीलंट बनवणाऱ्यांची गोष्टही शंभर वर्षांहून जुनी. परमाटेक्सची सुरुवात १९०९ ची. पण खरी उडी दोनदा झाली.

पहिली १९५३ मध्ये. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातला रसायनशास्त्राचा प्राध्यापक व्हर्नन क्रीबल. त्याने असा द्रव तयार केला, जो हवा असेपर्यंत पातळ राहतो आणि हवा तुटली, धातू भेटला की घट्ट होतो. हेच पुढे लॉक्टाइट. दोन अचूक घासलेल्या पृष्ठभागांच्या मध्ये तो घट्ट होतो आणि बाहेर ओघळलेला भाग पातळच राहून पुसला जातो. मात्र फट पाव मिलिमीटरच्या वर गेली की त्याचं काम संपलं.

दुसरी उडी सिलिकॉनची. हवेतल्या बाष्पाने घट्ट होऊन रबर बनणारी ही पेस्ट १९७० च्या दशकात मोटार कारखान्यांत रुळली. कारखान्यांना ती का आवडली? पन्नास आकारांची पॅकिंग साठवण्यापेक्षा एक पिंप परवडतं. यंत्र दर वेळी तेवढीच रेघ सोडतं. शिवाय कॉर्क वर्षभरात चेपून बोल्ट सैल होतात. इथे धातूला धातू टेकलेला, त्यामुळे बोल्ट आवळलेलेच राहतात.

पण हे शक्य झालं ते पृष्ठभाग अचूक झाल्यामुळे. परत विल्किन्सनचं शिलिंग!

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि जपानी पद्धतीची इंजिनं आपल्या गल्लीत शिरली. सुझुकीच्या अनेक इंजिनांची सर्व्हिस मॅन्युअल उघडून बघा. ऑइल पॅनला पॅकिंग नाहीच, सीलंटची अखंड रेघ सांगितलेली असते. आता मिस्त्रीच्या जागी बसून विचार करा. तीस वर्षं हातोडीने पॅकिंग कापलंय आणि आता कंपनीच चेंबरला ट्यूब लावून पाठवते. निष्कर्ष काय निघणार? "म्हणजे ट्यूब सगळीकडे चालते."

आणि इथे वाफेच्या काळातली सवय नव्या कपड्यात परत आली. शेंदराच्या जागी सिलिकॉन. देवळातल्या मारुतीला शेंदूर जितका थापाल तितका चांगला. ८०० सीसीच्या मारुतीला नाही. जादा लावलेलं सिलिकॉन बाहेर ओघळतं ते आपल्याला दिसतं. तितकंच आत ओघळतं ते दिसत नाही. तो गोळा सुटून तेलात पडतो, तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतो, आणि एक दिवस महामार्गावर ऑइलचा दिवा लागतो. दिवा दुर्लक्षिला तर इंजिन जॅम. गळती थांबवायला गेलो आणि तेलच थांबलं!

मग कुठे काय?

आता इतिहास झाला, तेव्हा नियम आपोआप निघतात.

१. हेड : कायम नवीन गॅस्केट, मॅन्युअलने सांगितलं नसेल तर कोरडं. हल्लीची गॅस्केट पातळ स्टीलच्या अनेक थरांची असतात, त्यावर आधीच लेप असतो. वरून सिलिकॉन म्हणजे बिघडवणं. बऱ्याच कॉमन-रेल डिझेलमध्ये हेड गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं आणि कडेच्या खाचा किंवा भोकांवरून ओळखतात. जुन्यावर जी खूण, तीच नव्यावर बघून घ्या. पिस्टन किंवा ब्लॉकचं काम झालं असेल तर जाडी पुन्हा मोजून ठरते.

२. कागदी किंवा फायबर पॅकिंग (वॉटर पंप, गिअरबॉक्सची झाकणं, स्कूटरचं क्रॅंककेस) : तेवढ्याच जाडीचं पॅकिंग. पातळ हात शेलॅकचा किंवा ग्रीसचा चालतो. पॅकिंगऐवजी नुसतं सिलिकॉन लावलं तर आतली मोकळीक कमी होऊन बेअरिंगवर ताण येऊ शकतो.

३. रबरी पॅकिंग (टॅपेट कव्हर) : कोरडं. सिलिकॉन लावलं तर रबर निसटून बाहेर येतं. फक्त जिथे तीन भाग एका कोपऱ्यात भेटतात किंवा अर्धचंद्र असतो, तिथे थेंबभर.

४. चेंबर म्हणजे ऑइल पॅन : आधी काय निघालं ते बघा. कंपनीचं पॅकिंग निघालं तर पॅकिंग, लेप निघाला तर लेप.

५. मुळात धातूला धातू टेकणारे जोड (कॅमशाफ्टच्या टोप्या, दोन भागांत फाटणारे ब्लॉक) : इथे उलटी चूक होते. "जरा पॅकिंग टाकतो, गळणार नाही" म्हणून कागद घातला की बेअरिंगचं भोक लंबगोल झालं. इथे फक्त सांगितलेलं सीलंट.

६. पेट्रोल : कार्ब्युरेटर, पंप, टाकी यांना साधं सिलिकॉन लावू नये. पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं.

७. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड : धातूचं किंवा ग्रॅफाइटचं गॅस्केट. सिलिकॉन जळून जातं.

आणि सिलिकॉन लावायचंच असेल तर दोन्ही पृष्ठभाग तेल-मुक्त हवेत, नखाला काही लागता कामा नये. दोन-तीन मिलिमीटरची अखंड रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या अंगाने. साय धरायच्या आत भाग बसवायचा. मग थांबायचं. ते बाहेरून आत घट्ट होत जातं आणि दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटरच पुढे सरकतं. लावलं, तेल भरलं आणि निघालं, याला अर्थ नाही. नळाच्या सांध्याला लावतात ते व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन इंजिनाला नको. त्यातून सुटणारं आम्ल धातूला बाधतं.

राहता राहिली मानवतची ती संध्याकाळ. टॅपेट कव्हर पाझरत असेल तर तेलाची पातळी बघत, लिटरभर तेल जवळ ठेवून घर गाठता येतं. चेंबरचं सिलिकॉन असेल तर ते नीट लावून रात्रभर सुकू द्या, मुक्काम करा. पण पाणी कमी होतंय, पांढरा धूर येतोय, डिपस्टिकवर तेलाचा दुधाळ चहा झालाय, तर ते हेड गॅस्केट. तिथे ट्यूब नको आणि "हळू चालवत जाऊ" पण नको. गाडी टो करा.

आपल्या धंद्यात दोन मॉड्यूल जुळत नसले की आपण आधी इंटरफेसचं स्पेसिफिकेशन उघडतो, लगेच पॅच मारत नाही (निदान मारू नये!). गॅस्केट हे तसंच लिहून ठेवलेलं स्पेसिफिकेशन आहे, फक्त ते कागदावर नसून कागदाचंच असतं. तेव्हा मिस्त्रीला "योग्य वाटेल ते करा" म्हणण्याऐवजी एक साधा प्रश्न विचारा : "उस्ताद, जुनं काय निघालं आणि केवढ्या जाडीचं होतं?" चांगला मिस्त्री खूश होऊन तुम्हाला ते हातात आणून दाखवेल. आणि ज्याला ते बघावंसंही वाटलं नसेल, त्याच्याकडून किल्ली परत घ्यायला हरकत नाही.